पानाची पालथी बाजू

शंकराच्या पिंडीवर बेल वाहतांना एक नियम घरोघर पाळला जातो. फूल जसें उमलतें तसेंच, म्हणजे तोंड वर करून, वाहावयाचें. पण बेलाचें त्रिदळ मात्र पालथें घालावयाचें. त्याची गुळगुळीत बाजू पिंडीला लागली पाहिजे. लहान मुलाच्या हातून तें उताणें पडलें, तर आजी हलक्या हातानें तें फिरवून ठेवते. तीच आजी दुपारीं केळीच्या पानावर वाढतांना नकळत दुसरा नियम पाळते: पानाची हिरवीगार, तुळतुळीत बाजू वर, आणि जाड शीर पुढें आलेली फिकी बाजू भुईकडे. जेवणानंतर विड्याचें पान पुसून पालथें केलें जातें व मग त्याच्या शिरा काढल्या जातात. कारण शिरा उठून दिसतात त्या पाठीवर. पानाला पोट आहे आणि पाठ आहे, हें आपल्या घरांत कोणी कोणाला शिकवीत नाहीं. हाताला तें ठाऊकच असतें.

परंतु जी गोष्ट हाताला ठाऊक असते, तिच्याविषयीं बुद्धीला प्रश्न पडावयास फार काळ लागतो. पानाच्या दोन बाजू निराळ्या कां असाव्यात? आणि अंधाऱ्या कळींत गुंडाळलेल्या, अजून सूर्यही न पाहिलेल्या कोवळ्या पानाला आपली वरची बाजू कोणती व खालची कोणती हें कळतें तरी कसें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास दोन हजार वर्षें लागलीं. दुसऱ्याचें उत्तर मिळूं लागलें तें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, आणि तें अजूनहि पूर्ण झालेलें नाहीं. या उत्तरांच्या शोधाचा इतिहास म्हणजे चुकीच्या तर्कांचा आणि खऱ्या निरीक्षणांचा इतिहास आहे; आणि त्यांतली सर्वांत बोधप्रद कथा ज्याची आहे, त्या माणसाचा तर्क चुकलेलाच होता.

आरंभ ग्रीसमध्यें झाला. इसवी सनापूर्वीं चवथ्या शतकांत अथेन्स येथें ॲरिस्टॉटलच्या मागून त्याचें विद्यापीठ चालविणारा थिओफ्रास्टस हा वनस्पतिशास्त्राचा आद्य ग्रंथकार मानला जातो. बहुतेक झाडांच्या पानांची वरची बाजू अधिक हिरवी व गुळगुळीत असते, आणि माणसाच्या तळहातावर जशा रेषा असतात तशा शिरा पानाच्या खालच्या अंगाला असतात, अशी नोंद त्यानें करून ठेवली आहे. त्याचें आणखी एक निरीक्षण मोठें मौजेचें आहे. ऑलिव्ह, लिंडन, एल्म व पांढरा पॉप्लर या झाडांचीं पानें उन्हाळ्यांतील मोठा दिवस उलटला कीं आपली बाजू फिरवितात, आणि दक्षिणायन लागल्याचें लोक त्यावरून ओळखतात, असें तो लिहितो. म्हणजे पानाच्या दोन बाजू ग्रीक शेतकऱ्याचें पंचांग झाल्या होत्या. मात्र त्या तशा कां, हें थिओफ्रास्टसनें विचारलें नाहीं. आणि त्याच्यानंतर दोन हजार वर्षें दुसऱ्या कोणी विचारल्याचेंहि फारसें दिसत नाहीं.

सतराव्या शतकांत सूक्ष्मदर्शक यंत्र आलें. बोलोन्याचा मार्सेलो माल्पीगी व लंडनचा नेहेमाया ग्र्यू या दोघां वैद्यांनीं जवळजवळ एकाच वेळीं वनस्पतींचीं अंगें कापून तपासण्यास आरंभ केला. माल्पीगीचा ग्रंथ १६७५ व १६७९ या वर्षीं दोन भागांत, आणि ग्र्यूचा संपूर्ण ग्रंथ १६८२ सालीं प्रसिद्ध झाला. पानाच्या त्वचेवर बारीक छिद्रें असतात हें या सुमारास प्रथम दिसून आलें. आज आपण त्यांना पर्णरंध्रें म्हणतों. दिसलीं खरीं, पण तीं काय कामाचीं, आणि बहुतेक झाडांच्या पानांच्या पाठीवरच त्यांची एवढी दाटी कां, हें कोडें तसेंच राहिलें.

या कोड्याला हात घातला तो जिनीव्हाच्या शार्ल बॉने यानें. त्याचा जन्म १७२० चा. शिक्षण कायद्याचें, पण मन किड्यांत रमलेलें. विसाव्या वर्षीं त्यानें एक अजब प्रयोग केला. झाडांच्या कोवळ्या शेंड्यांवर जो मावा पडतो, त्यांतील एक नुकतीच जन्मलेली मादी त्यानें एकटीच कोंडून ठेवली आणि महिनाभर तिच्यावर जवळजवळ अखंड पहारा केला. नराचा संबंध मुळींच न येतां त्या मादीला पंचाण्णव पिलें झालीं. ही वार्ता पॅरिसच्या विज्ञान-परिषदेपर्यंत पोंचली आणि त्या मिसरूड फुटलेल्या तरुणाला परिषदेनें आपला पत्रव्यवहारी सभासद करून घेतलें. पण या कीर्तीची किंमत डोळ्यांना द्यावी लागली. भिंगांतून तासन् तास पाहिल्यानें त्याची दृष्टि अधू झाली, आणि पंचविशीच्या सुमारास बारीक किड्यांचें काम त्याला सोडावें लागलें. किडा दिसेनासा झाला, तेव्हां बॉने पानाकडे वळला. पान मोठें असतें, तें अधू डोळ्यांनाहि दिसतें.

त्या काळीं विद्वानांत असें मत प्रचलित होतें कीं दंव हें आकाशांतून पडत नाहीं. तें जमिनींतून वर चढतें. बॉनेनें हें मत प्रमाण मानलें आणि त्यावर आपला तर्क उभारला. दंव जर खालून वर येतें, तर तें टिपून घेण्यासाठींच झाडानें पानाची पाठ भुईकडे केली असली पाहिजे. पाठ मऊ, विरळ, सच्छिद्र असते ती याचसाठीं. पोट गुळगुळीत असतें तें पाठीचें रक्षण करण्यासाठीं. म्हणजे मूळ खालून पाणी पितें, तसें पान पाठीनें पाणी पितें. तर्क मोठा सुबक होता, आणि बॉनेचें मोठेपण हें कीं तो नुसत्या तर्कावर थांबला नाहीं.

त्यानें भांडीं पाण्यानें काठोकाठ भरलीं आणि त्यांवर निरनिराळ्या झाडांचीं तोडलेलीं पानें तरंगत ठेवलीं. कांहीं उताणीं, कांहीं पालथीं. मग कोणतें पान किती दिवस हिरवें राहतें हें तो मोजीत बसला. कित्येक रोपांच्या पानांत दोन्ही बाजूंचा फारसा फरक पडला नाहीं. पण झाडांच्या पानांत फरक विलक्षण होता. पांढऱ्या तुतीचें जें पान पोटावर, म्हणजे वरची बाजू पाण्याला लावून ठेवलें होतें, तें पांच दिवसांतच कोमेजलें. पाठ पाण्याला लावून ठेवलेलें पान जवळजवळ सहा महिने हिरवें राहिलें. बॉनेला आपला तर्क सिद्ध झाल्यासारखा वाटला.

दुसरे प्रयोग त्याहून साधे होते. जिवंत फांदी वाकवून, बांधून, तिचीं पानें त्यानें उलटीं करून ठेवलीं. थोड्या काळानें पाहावें तों पानांचे देठ पिळवटून पानें पुन्हां सुलटीं झालेलीं! पुन्हां उलटीं करावीं, तर पुन्हां सुलटीं. कोवळीं पानें लवकर फिरत, जून पानें सावकाश. हें सारें त्यानें १७५४ सालीं एका पुस्तकांत प्रसिद्ध केलें. पानाच्या दोन बाजू हाच ज्याचा मुख्य विषय, असें तें पहिलें मोठें पुस्तक होय.

त्याच पुस्तकांत एक लहानसें निरीक्षण आहे. द्राक्षाची फांदी पाण्यांत बुडवून उन्हांत ठेवली असतां पानांवर हवेचे बुडबुडे जमतात, पाठीवर अधिक जमतात, आणि सूर्य मावळला कीं नवे येत नाहींत. बॉनेनें हेंहि पडताळून पाहिलें. पाणी अगोदर उकळून घेतलें तर बुडबुडे मुळींच येत नाहींत. तेव्हां त्यानें निष्कर्ष काढला कीं ही हवा पानाची नसून पाण्यांत मिसळलेली असते. उकळल्यानें ती निघून जाते, इतकेंच. सूर्यप्रकाशांत पान प्राणवायु सोडतें, हा विज्ञानांतील फार मोठा शोध त्याच्या भांड्यांत बुडबुड्यांच्या रूपानें तरंगत होता. त्यानें तो पाहिला, लिहून ठेवला आणि तो तसाच पुढें गेला.

पंचवीस वर्षांनीं, १७७९ च्या उन्हाळ्यांत, यान इंगेनहाउझ हा डच वैद्य लंडनजवळच्या एका गांवीं येऊन राहिला. व्हिएन्नाच्या राजघराण्याला देवी टोचून त्यानें नांव मिळविलें होतें. त्या एका उन्हाळ्यांत त्यानें पांचशेंहून अधिक प्रयोग केले आणि त्याच वर्षीं ते प्रसिद्धहि केले. पानें हवा शुद्ध करतात ती केवळ प्रकाशांत, काळोखांत उलट ती बिघडवितात, हें त्यानें दाखविलें. त्याच्या निष्कर्षांत एक असाहि आहे कीं बहुतेक पानें, आणि त्यांतहि उंच वृक्षांचीं पानें, ही शुद्ध हवा मुख्यतः आपल्या पाठीनें बाहेर टाकतात. पाठ ही पिण्याची जागा नव्हती, श्वासोच्छ्वासाची होती.

आणि उकळलेल्या पाण्याचें काय? तें कोडें सोडविलें बॉनेच्याच नगरांतील झां सेनेबिए या धर्मोपदेशक ग्रंथपालानें, १७८२ सालीं. पाण्यांत जो कार्बन-डाय-ऑक्साइड वायु विरघळलेला असतो, तोच पानाचें अन्न आहे. पाणी उकळलें कीं तो निघून जातो, पान उपाशी राहतें, आणि म्हणून प्राणवायूचे बुडबुडे येत नाहींत. बॉनेचें निरीक्षण अक्षरशः खरें होतें. अर्थ मात्र उलटा लागला होता. बॉने त्या वेळीं हयात होता. १७९३ मध्यें तो वारला. पुढें १८१४ सालीं विल्यम चार्ल्स वेल्स यानें दंवाचाहि उलगडा केला. तें भुईंतून चढत नाहीं, कीं आकाशांतून पडत नाहीं. रात्रीं थंड झालेल्या पृष्ठभागावर हवेंतील वाफच गोठून थेंब होते. अशा रीतीनें ज्या पायावर बॉनेनें इमारत रचली होती तो पायाच ढांसळला. पण इमारतीच्या विटा, म्हणजे त्याची निरीक्षणें, एकहि फुटली नाहीं.

तुतीचीं तीं दोन पानेंच घ्या. आज त्यांचा अर्थ असा लागतो. झाडाच्या पानाचा आडवा छेद घेतला तर वरच्या त्वचेखालीं हरितद्रव्यानें भरलेल्या पेशी खांबांप्रमाणें दाटीनें उभ्या दिसतात. प्रकाश झेलणें हें त्यांचें काम. त्यांच्या खालीं स्पंजासारखा विरळ थर असतो; त्यांत हवा खेळते. वरची त्वचा जाड, मेणचट. पाण्याला आंत येऊं देत नाहीं कीं बाहेर जाऊं देत नाहीं. खालच्या त्वचेंत शेंकडों रंध्रें. हवा आंत घ्यावी तर दार उघडावें लागतें, आणि दार उघडलें कीं आंतलें पाणी वाफ होऊन निसटतें. प्रत्येक पानाचा जन्मभराचा पेंच हाच. म्हणून हीं दारें उन्हाकडे न ठेवतां सावलीकडे ठेवलेलीं. बॉनेनें पान पाठीवर तरंगत ठेवलें, तेव्हां हीं दारें पाण्यानें बंद झालीं आणि पानांतलें पाणी पानांतच राहिलें. पोटावर ठेवलें, तेव्हां दारें हवेंत उघडीं राहिलीं. वरच्या मेणचट त्वचेंतून पाणी आंत शिरेना, आणि पान सुकलें. पान पाठीनें पीत होतें म्हणून जगलें असें नव्हे. मुख्यतः तें गळत नव्हतें म्हणून जगलें.

एकोणिसाव्या शतकांत हें मोजूनहि पाहण्यांत आलें. फ्रान्समध्यें गारो यानें १८४९ सालीं एकाच पानाच्या दोन्ही बाजूंना कांचेचीं लहान झांकणें बसवून कोणत्या बाजूनें किती वाफ निघते तें वजनानें ठरविलें. १८९४ सालीं जर्मनींत श्टाल यानें तर प्रयोग इतका सोपा करून टाकला कीं तो शाळकरी मुलालाहि करतां यावा. कोबाल्ट क्लोराइडच्या द्रावणांत भिजवून वाळविलेला कागद निळा असतो. ओल लागली कीं तो गुलाबी होतो. तसे दोन तुकडे पानाच्या दोन बाजूंना लावले कीं पाठीवरचा कागद पाहतां पाहतां गुलाबी होतो आणि पोटावरचा बराच वेळ निळा राहतो. आपल्याकडील महाविद्यालयांतहि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या केला आहे.

नियम कळला म्हणजे अपवादहि बोलूं लागतात. कमळाचें पान पाण्यावर पसरलेलें असतें. त्याच्या पाठीला हवा मिळणार कोठून? म्हणून त्याचीं रंध्रें वरच्या बाजूस असतात. निलगिरीच्या मोठ्या झाडाचीं पानें उभीं लोंबतात. त्यांना वर-खाल अशी नाहींच, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. ज्वारीच्या पानाला रंध्रें दोन्हीकडे असतात, पण वरच्या त्वचेंत मोठ्या, फुगीर पेशींच्या रांगा असतात. दुपारच्या उन्हांत पाणी कमी पडलें कीं त्या पेशी आखडतात व पान वरच्या अंगानें गुंडाळतें. देशावरचा शेतकरी गुंडाळलेलीं पानें पाहून पाऊस लांबल्याची काळजी करतो, तेव्हां तो पानाच्या दोन बाजूंमधला फरकच वाचीत असतो.

हें ज्ञान केवळ कुतूहलाचें राहिलें नाहीं. १८७८ च्या सुमारास अमेरिकेंतून एक बुरशी फ्रान्सच्या द्राक्षबागांत शिरली. पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग आणि त्याच जागीं पाठीवर पांढरी लव, असें तिचें रूप. नाशिककडचे बागाईतदार या रोगाला केवडा म्हणतात. १८८२ सालीं बोर्डोच्या विद्यापीठांतील प्राध्यापक मिलार्दे यांना रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या निरोगी दिसल्या. चौकशी करतां कळलें कीं वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून मालक त्या वेलींवर मोरचूद व चुना यांचें निळें मिश्रण शिंपडीत असे. त्यांतून १८८५ सालीं बोर्डो मिश्रणाचा जन्म झाला. पण औषध मिळालें तरी तें लावावयाचें कोठें? या बुरशीचीं बीजें पानावरच्या ओलाव्यांत पोहतात आणि रंध्रांतून आंत शिरतात. आणि द्राक्षाचीं रंध्रें पाठीवर असतात. भुरी नांवाचा दुसरा रोग त्वचेलाच भोंक पाडून आंत घुसतो, त्याला दाराची गरज नाहीं. केवड्याला मात्र दार लागतें. म्हणून फवारा पानाच्या पालथ्या बाजूला पोंचला पाहिजे. पानाच्या पोटावर कितीहि निळाई दिसली तरी पाठ कोरडी राहिली असेल, तर बाग हातची जाते.

येथें पहिल्या प्रश्नाचें उत्तर झालें. दुसरा प्रश्न अधिक खोल होता. पानाला दोन बाजू येतात कोठून? बाहेरच्या परिस्थितीनें त्या घडतात, कीं त्या आंतूनच ठरलेल्या असतात?

परिस्थितीच्या बाजूनें एक भरभक्कम साक्षीदार उभा राहिला. ओलसर जागीं मार्कॅन्शिया नांवाची एक क्षुद्र वनस्पति उगवते. तिला खोड नाहीं, पान नाहीं; भुईला चिकटलेली एक हिरवी पट्टी, एवढेंच तिचें शरीर. त्या पट्टीच्या वरच्या अंगाला हवेचीं छिद्रें, खालच्या अंगाला मुळांसारखे केस. पट्टीवर लहान वाट्या असतात आणि त्यांत मसुरीच्या आकाराच्या बारीक कळ्या तयार होतात. पावसाच्या थेंबानें त्या उडतात व नव्या जागीं रुजतात. या कळीच्या दोन्ही बाजू अगदीं सारख्या असतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिर्बेल यानें १८३५ सालीं दाखविलें कीं कळी कशीहि पडो. जी बाजू खालीं येईल तिला केस फुटतात आणि जी वर येईल तिला छिद्रें. १८७१ सालीं जर्मनींत फेफर यानें यांत प्रकाशाचा वांटा मुख्य असल्याचें दाखवून दिलें: उजेड ज्या बाजूवर पडेल ती पाठ होत नाहीं, पोट होतें. आणि एकदां निर्णय झाला कीं तो झाला. मागाहून पट्टी उलटी केली तरी बाजू बदलत नाहींत.

पण खऱ्या पानाचें तसें नाहीं. कळींतल्या काळोखांत, प्रकाश शिरण्यापूर्वींच, त्याचें पोट व पाठ ठरून गेलेली असते. आणि कोठल्याहि झाडावर पाहा, पोट नेहमीं खोडाच्या शेंड्याकडे, पाठ बाहेरच्या बाजूस. यावर १८६८ सालीं एक धाडसी मत पुढें आलें, आणि योगायोगानें तेंहि जिनीव्हाहूनच. काझिमीर द कांदोल यानें असें प्रतिपादन केलें कीं पान म्हणजे एक फांदीच आहे. तिची शेंड्याकडची बाजू खुरटली, म्हणून ती चपटी झाली. खोड सर्व बाजूंनीं सारखें असतें, पानाला दोन बाजू असतात, आणि या दोहोंमधला दुवा म्हणजे खुंटलेली वाढ.

याच काझिमीर द कांदोलचा एका भारतीय झाडाशीं संबंध आला. कलकत्त्याकडून आलेल्या एका वडाचीं पानें त्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं तपासलीं. या वडाच्या पानाचा देठाकडील भाग जुळून त्याचा द्रोण झालेला असतो. त्यांत कृष्णानें लोणी लपविलें अशी कथा लोकांत आहे, आणि म्हणून त्याला कृष्णवड म्हणतात; शास्त्रीय नांवांतहि कांदोलनें कृष्णाचें नांव ठेवलें. पण त्याला कुतूहल होतें तें निराळ्याच गोष्टीचें. पानाचा द्रोण आपण करतों तेव्हां पानाचें पोट आंत येतें. कृष्णवडाच्या द्रोणाचें आंतलें अंग मात्र पानाची पाठ असते. निसर्गानें हा द्रोण उलटा वळलेला आहे. दोन बाजूंचा हिशेब थोडा बिघडला कीं पानाचें रूप कसें पालटतें, याचें हें बोलकें उदाहरण होय.

तरी अजून हें सारें तर्कच होते. प्रयोगानें उत्तर मिळविण्याचा मान इयन ससेक्स या न्यूझीलंडमधील तरुणाकडे जातो. मँचेस्टर विद्यापीठांत काम करीत असतां त्यानें बटाट्याच्या कोंबाचा अगदीं टोंकाचा भाग निवडला. तेथें नवें पान अजून उगवलेलेंहि नसतें. तें कोठें उगवणार ती जागा तेवढी ठाऊक असते. सूक्ष्मदर्शकाखालीं, बारीकशा पात्यानें, त्यानें ती जागा आणि कोंबाचा शेंडा यांच्यामध्यें एक आडवी चीर दिली. त्या जागेंतून जें उगवलें तें पान नव्हतें. ती एक हिरवी, गोल काडी होती. तिला पोट नव्हतें, पाठ नव्हती, पातें नव्हतें. चीर शेंड्याच्या बाजूस न देतां दोन कडांना दिली, तर मात्र नेहमींसारखें चपटें पान आलें. १९५१ सालीं त्यानें ही वार्ता प्रसिद्ध केली. अर्थ उघड होता. पानाला आपली वरची बाजू सूर्याकडून कळत नाहीं. ती त्याला शेंड्याकडून कळते. तेथून कांहीं तरी निरोप येतो, आणि तो वाटेंत तोडला तर पान पानच होत नाहीं.

ऑक्सफर्डच्या स्नो दांपत्यानें या निष्कर्षाला विरोध केला. त्यांच्या प्रयोगांत पानें चपटींच आलीं, आणि ससेक्सच्या काड्या या केवळ जखमेनें जागा आक्रसल्याचा परिणाम असाव्यात, असें त्यांनीं १९५९ मध्यें मांडलें. वाद दीर्घकाळ अनिर्णीत राहिला. २००५ सालीं स्वित्झर्लंडमधील बर्न येथें टोमॅटोच्या कोंबावर लेझर किरणांनीं अशाच सूक्ष्म शस्त्रक्रिया करण्यांत आल्या, आणि शेंड्याशीं संबंध तुटला कीं पानाची वरची बाजू हरपते, हें पुन्हां दिसून आलें.

दरम्यान दुसऱ्या वाटेनेंहि प्रकाश आला. सिंहमुखी म्हणून बागेंत लावल्या जाणाऱ्या अँटिर्‍हिनमची एक विकृत जात आनुवंशिकतेच्या अभ्यासकांना ठाऊक होती. तिचीं वरचीं पानें सुईसारखीं बारीक येत, आणि थंडींत हा दोष वाढे. १९९५ सालीं एडिंबरो येथें रिचर्ड वेट्स व अँड्र्यू हडसन यांनीं ही जात बारकाईनें तपासली. सुईसारख्या पानांना चहूंकडून पाठच होती. पोट नाहींसें झालें होतें. परंतु खरी किल्ली मिळाली ती अर्धवट बिघडलेल्या पानांत. त्यांच्या पोटावर मध्येंच पाठीच्या त्वचेचीं बेटें पडलेलीं होतीं, आणि अशा प्रत्येक बेटाच्या कडेनें पात्याची एक नवी झालर उगवलेली होती. म्हणजे पातें कोठें पसरतें? जेथें वरची बाजू आणि खालची बाजू एकमेकींना भेटतात तेथें. सगळेंच पोट असेल तर पान नाहीं. सगळीच पाठ असेल तर पान नाहीं. दोन विरुद्ध बाजूंची सीमा हीच पानाच्या विस्ताराची जागा.

त्यानंतर शोध झपाट्यानें पुढें गेले. १९९८ ते २००४ या काळांत पोट ठरविणारे व पाठ ठरविणारे आनुवंशिक घटक एकामागून एक उजेडांत आले. दोन्ही गट एकमेकांना दाबून ठेवतात; एक बाजू ढिली पडली कीं दुसरी तिच्या मुलुखांत शिरते. २००४ मध्यें मक्याच्या एका गुंडाळलेल्या पानांच्या जातीवरून असें दिसलें कीं, पाठीकडे एक अत्यंत लहान रेणु पोटाच्या घटकाचा निरोपच तोडून टाकीत असतो. तो तोडतां येईनासा झाला कीं पाठीवर पोट उगवूं लागतें आणि पान वळतें. २००९ मध्यें पोटाकडून पाठीकडे झिरपणारा तसाच दुसरा लहान रेणु दाखविण्यांत आला. ससेक्सनें ज्या निरोपाचें अनुमान केलें होतें, तो शेंड्याकडून नेमका कोणत्या रूपानें येतो, यावर अभ्यासकांत अजूनहि वाद चालू आहे. पण पानाच्या आंत वर आणि खाल यांच्यामध्यें अखंड संवाद चालतो, याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं.

अडीचशे वर्षांपूर्वीं जिनीव्हाच्या एका अधू दृष्टीच्या गृहस्थानें पाण्यावर तुतीचीं पानें तरंगत ठेवलीं, तेव्हां त्याचें दंवाविषयींचें मत चूक होतें, बुडबुड्यांविषयींचें मत चूक होतें, पानाच्या पिण्याविषयींचें मतहि बहुतांशीं चूक होतें. तरी पुढें आलेल्या प्रत्येकाला त्याच्याच नोंदींपासून आरंभ करावा लागला. कारण त्यानें पांच दिवस म्हणजे पांच दिवस आणि सहा महिने म्हणजे सहा महिने लिहिले होते, आणि आपल्या मताला गैरसोयीचें तेंहि लपविलें नव्हतें. मत पानासारखें गळून पडतें. प्रामाणिकपणें केलेली नोंद खोडासारखी राहते.

उद्यां सकाळीं बेलाचें त्रिदळ पालथें घालतांना, किंवा विड्याच्या पानाची शीर काढतांना, कोणीं क्षणभर तें उजेडासमोर धरून पाहिलें, तर एका बाजूस तुळतुळीत हिरवाई दिसेल आणि दुसऱ्या बाजूस शिरांचें जाळें. त्या पानाची जाडी कागदाहून फारशी अधिक नसते. तेवढ्याशा जाडींत एक बाजू सूर्याशीं व्यवहार करते, दुसरी वाऱ्याशीं. आणि दोघी मिळून पृथ्वीवरच्या बहुतेक सगळ्या जीवांचें अन्न शिजवितात.